मामानं आणलेलं मशीन

विश्वजीत बोलायला लागला की कचरू त्याच्या तोंडाकडं बघत नसे, बुटांकडं बघे. पांढरे बूट, त्यांना खाली लाल रबर. बिडकीनची जमीन कंपन्यांसाठी गेली, मावेजा हातात आला, आणि तेव्हापासून या मेहुण्याला एकेका विषयातलं कळायला लागलं होतं. आधी गाड्यांतलं कळायला लागलं, मग प्लॉटांतलं, मग लोकांच्या दुखण्यांतलं. आता कॉम्प्युटरमधलं.

"दाजी, तुम्ही डोकं लावूच नका," तो कचरूच्या पडेगावच्या छोट्या घरात पाय पसरून सांगत होता. "पोरीचा कॉम्प्युटर माझ्याकडं लागला. गेमिंगचा. आय-सेव्हन प्रोसेसर टाकून देतो. त्याच्यापुढं काय टिकत नाय."

"प्रोसेसर म्हणजे काय असतं रे?" कचरूनं विचारलं.

"मेंदू असतो दाजी, मेंदू."

"बरं झालं, तुला बघायला मिळाला."

संस्कृतीनं चहाचे कप ठेवता ठेवता बापाकडं एकदा बघितलं. आवडाबाई असती तर तिनं नवऱ्याला चिमटा काढला असता आणि भावाला दुसरा लाडू दिला असता, आणि दोघांचंही तोंड बंद झालं असतं. पण आवडाबाई श्रावणात गेली. ताप आला आणि पाचव्या दिवशी ती नव्हती. त्यानंतर या दोन पुरुषांच्या मधे कोणी उरलं नव्हतं.

संस्कृती एकोणीस वर्षांची. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होती, आणि उरलेल्या वेळात बंदुकांचा एक खेळ खेळायची. पाच पोरींचा संघ होता, एक नांदेडची, दोघी जालन्याच्या, एक परभणीची आणि ही. कानाला डबडी लावून "मागं बघ, मागं बघ" असं ओरडायच्या. कचरूच्या मते त्यात बघण्यासारखं पुढंही काही नव्हतं. पण स्पर्धा जवळ आली होती आणि घरातला जुना कॉम्प्युटर ऐन मोक्याला गार पडायचा. आवडाबाई शेजारी बसून तांदूळ निवडता निवडता ते सगळं बघायची. तिला पाचही पोरींची नावं पाठ होती. कचरूला अजून एकही येत नव्हतं.

"आणि दुसरं असं," विश्वजीत पुढं सरकला, "मशीन बिडकीनलाच लावू. हे घर आता दोन माणसांचं. तुमचा तुम्हाला चहा करता येत नाय. पोरीच्या जातीला घरात बाई लागती. तनुजा मामी हाय तिकडं. राहू द्या की तिला आमच्याजवळ. गाडी रोज कॉलेजला सोडंल."

कचरूनं स्वयंपाकघराच्या दाराकडं बघितलं. संस्कृती तिथंच उभी होती. ती "नाही" म्हणेल म्हणून तो थांबला. पण दाराची कडी हातात धरून ती नुसती उभी राहिली.

"वर्षाच्या आत तुमच्या घरात नवी वस्तू घ्यायची नसती," विश्वजीत उठता उठता म्हणाला. "पण मामानं आणलेली चालती. तायडीच्या सहा महिन्यांच्या जेवणाला घेऊन येतो. चार लोकांसमोर देतो, तो माझा मान. जेवणं झाली की मशीन आणि पोरगी, दोन्ही गाडीत घालून नेतो."

जेवण पुढच्या गुरुवारी होतं.

---

कचरू वाळूजच्या एका कारखान्यात चौतीस वर्षं टूलरूममध्ये होता. साचे बनवायचा. केसाच्या जाडीचा विसावा भाग इकडंतिकडं झाला तर तो साचा परत करायचा, आणि परत करताना समोरच्याच्या आईवडिलांची चौकशी करायचा. मापात न बसणाऱ्या माणसांबद्दल त्याला जे वाटायचं ते निवृत्तीनंतरही कमी झालं नव्हतं. आणि विश्वजीत कुठल्याच मापात बसत नव्हता. या माणसानं आणलेल्या डबड्यापायी पोरगी घर सोडून जाणार, हे त्याला सहन होण्यासारखं नव्हतं. नवी वस्तू घ्यायची नसती म्हणे! त्यानं ठरवलं, गुरुवारच्या आत आपणच मशीन आणायचं, आणि असं आणायचं की मेहुण्याचं मशीन त्याच्या शेजारी ठेवायलाही लाज वाटेल.

पोरीला मात्र त्यानं विचारलं नाही. त्यात विचारायचं काय, असं त्याला वाटलं.

औरंगपुऱ्यात तो आधी एका काचेच्या दुकानात शिरला. आतला गळ्यात पट्टा घातलेला माणूस त्याला एका कपाटाएवढ्या पेटीसमोर घेऊन गेला. पेटीत दिवे होते. लाल, मग हिरवे, मग जांभळे.

"हे दिवे कशाला?" कचरूनं विचारलं.

"गेमिंगचा फील येतो ना काका."

"मशीन पळतं का त्यानं?"

"नाही, पण फील येतो."

कचरू बाहेर पडला. आणखी दोन दुकानांत तेच झालं. एकानं तर पेटीवरचं इंग्रजी वाचून दाखवलं, आणि कचरूनं अर्थ विचारल्यावर तेच पुन्हा जरा मोठ्यानं वाचलं.

शेवटी चपलांच्या दुकानामागच्या बोळात, लोखंडी जिना चढून, तो मुख्तारभाईंच्या दुकानात पोचला. दुकान कसलं, खोली. उघडे पडलेले कॉम्प्युटर, तारांची गुंडाळी, आणि टेबलामागं साठीचा एक माणूस, डोळ्याला भिंग लावून सोल्डरिंगचे डाग देत बसलेला. दिवा एकच होता, आणि तो उजेडासाठी होता. कचरूला जरा बरं वाटलं.

"बोला."

"गेम खेळायचं मशीन पाहिजे. चांगला प्रोसेसर द्या."

"कौन खेलेगा?"

"पोरगी."

"कोणता गेम?"

"बंदुकीचा."

"बंदुकीचे पन्नास हैं. कोणता?"

"तुम्हाला काय करायचंय? तुम्ही प्रोसेसर दाखवा."

मुख्तारभाईंनी भिंग कपाळावर सरकवलं. "वाळूजवाले ना? टूलरूम?"

"कशावरनं?"

"मेरेकू पास-नापास करने आए जैसे खडे हो. तिकडचे सगळे असेच येतात." त्यांनी एक खुर्ची पायानं पुढं ढकलली. "बैठो. आधी घर जाके पोरीला विचारा. काय खेळती, किती जागा लागती, पडदा कोणता हाय. बाद में आना."

"तिला काय कळतंय? लेकरू हाय."

"और तुमकू कळता?"

"मला समजावून सांगा, कळंल."

मुख्तारभाईंनी त्याच्याकडं असं बघितलं की कचरूला आपलीच नजर ओळखू आली. चौतीस वर्षं तो शिकाऊ पोरांकडं तसंच बघत आला होता. त्याला राग आला, आणि तो खुर्चीवर बसला.

तीन दिवस तो रोज तिथं गेला. मुख्तारभाई काम करता करता बोलायचे, तुच्छतेनं बोलायचे, पण खरं बोलायचे. गिऱ्हाइकांबद्दल त्यांचं मत कचरूच्या विश्वजीतबद्दलच्या मतासारखंच होतं. "आय-सेव्हन, आय-सेव्हन करते आते," ते म्हणाले. "अरे, वो तो आडनाव है. उसके आगे जो आकडा असतो ना, त्याचा पहिला अंक बघायचा. पाच अंक असतील तर पहिले दोन. ती पिढी. आजोबा बी पाटील, नातू बी पाटील. शर्यतीत कुणाला पळवाल?"

"नातवाला."

"हौ. लोगां आजोबाकू पळवते, और बोलते पाटील है."

कचरू बऱ्याच महिन्यांनी हसला. मग त्यानं आपल्या भाषेत विचार केला. प्रोसेसर म्हणजे मशीनवरचा कारागीर. गेमचं चित्र काढायला वेगळं कार्ड, तो दुसरा कारागीर. दोघांनी एकमेकांच्या वेगानं काम केलं पाहिजे. एक नुसता महागाचा घेऊन उपयोग नाही. मुख्तारभाईंनी सहा कोअरचा, अलीकडचा, मधल्या किमतीचा प्रोसेसर काढला. "सहा आदमी एका छपराखाली. तिच्या गेमला बहोत झाले."

"आणि ही ड्राइव्ह?"

"गेम इसमें रहता. जो लागंल ते इथनं काढून कारागिराला द्यायचं."

"म्हणजे स्टोअर," कचरू म्हणाला, आणि त्याला सगळं एका दमात समजलं. त्यांच्या कारखान्यात चांगले चांगले कारागीर अर्धा अर्धा तास स्टोअरच्या खिडकीशी उभे असायचे, कारण आतला माणूस एक ड्रिल शोधायला जायचा तो चहा पिऊन यायचा. त्या स्टोअरकीपरला कचरूनं चौतीस वर्षं शिव्या घातल्या होत्या. जुन्या हार्ड डिस्कमध्ये एक तबकडी फिरते आणि एक सुई ती वस्तू शोधत हिंडते, हे ऐकल्यावर त्याला तोच माणूस दिसला. "तो नको. झटक्यात काढून देणारा पाहिजे."

मुख्तारभाईंनी च्युइंगमएवढी एक पातळ पट्टी पुढं ठेवली. "ये सबसे फास्ट."

"बसवायची कशी?"

"सीधी बोर्डात. एक स्क्रू."

"एक?"

"एक."

"एका स्क्रूवर काय टिकतं?" कचरूनं ती चिमटीत धरून परत ठेवली. "दुसरी दाखवा."

मुख्तारभाईंनी काडेपेटीच्या दुपटीएवढी, चपटी, तारेनं जोडायची डबी काढली. तिच्या बुडाला चार भोकं होती.

"ही," कचरू म्हणाला. "चार स्क्रूवर बसती."

"वो पट्टी इससे फास्ट है, भाई."

"असू द्या."

"गेम उघडायला दोन-चार सेकंदांचा फरक. जाऊ दे, तुमचा दिल नाय मोडत." बोर्ड मात्र संपला होता. तो जेवणाच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी येणार होता, कार्ड आणि पेटी त्याच्याबरोबर. प्रोसेसर आणि ड्राइव्ह घेऊन कचरू घरी आला आणि दोन्ही खोकी त्यानं आवडाबाईच्या कपाटात, साड्यांच्या मागं ठेवली. सहा महिन्यांत ते कपाट कोणी उघडलं नव्हतं. त्यानं ते पटकन उघडलं आणि पटकन लावलं.

---

गुरुवारी पंचवीसेक माणसं जेवायला होती. खीर, वडे, कढी. आवडाबाईचा फोटो पाटावर, पुढं ताट वाढलेलं. पंगत उठायच्या बेताला विश्वजीतची गाडी आली आणि मागच्या सीटवरून, मांडीवर घेतलेल्या लेकरासारखी, एक काळी पेटी उतरली. पेटीला झेंडूचा हार होता.

"आय-सेव्हन!" विश्वजीत अंगणातूनच म्हणाला.

पेटी फोटोशेजारच्या टेबलावर ठेवली आणि घरातल्या जुन्या कॉम्प्युटरचा पडदा तिला जोडला. बटण दाबल्याबरोबर चार पंखे फिरायला लागले आणि आवडाबाईचा चेहरा आधी हिरवा झाला, मग लाल, मग जांभळा. बायकांनी पदर तोंडाला लावले. कचरूनं दात आवळले. पडदा काळाच होता. लोकांची कढी पिऊन झाली, सुपारी फोडून झाली, विश्वजीतनं दोनदा "आता बघा" म्हणून झालं, आणि मग कुठं पडदा उजळला.

"तायडीची शेवटची इच्छा होती," विश्वजीतचा आवाज भरून आला, "की पोरीला चांगलं मशीन..."

तेव्हा कचरू उठला. मुख्तारभाईंनी शिकवल्याप्रमाणे त्यानं माउस फिरवला, मशीनची माहिती उघडली, आणि चष्मा लावून मोठ्यानं वाचलं. आय-सेव्हन. पुढं दोन, सहा, शून्य, शून्य.

"पहिला अंक किती?" त्यानं सगळ्यांना विचारलं.

"दोन," कोणीतरी म्हणालं.

"दोन म्हणजे दुसरी पिढी. सध्या चौदावीच्या पुढं चाललंय." त्यानं मशीन बंद केलं, खिशातला स्क्रूड्रायव्हर काढून बाजूची काच उतरवली. आत खाली एक जुनी हार्ड डिस्क होती. तिच्यावर सालाचा छाप होता, चौदा वर्षांपूर्वीचा. आणि आतल्या पत्र्यावर कुठल्यातरी ऑफिसचा, अर्धवट खरवडलेला कागद: 'लेखा विभाग, संच क्र. १७'. कुणाच्या तरी टेबलाखाली धूळ खात पडलेलं मशीन उचलून त्याला दिवे लावले होते.

कचरूनं तोही वाचून दाखवला. मग तो विश्वजीतकडं वळला.

"वर्षाच्या आत नवी वस्तू चालत नाय ना, म्हणून मेहुण्यानं चौदा वर्षांची जुनी आणली. रीत सांभाळली बरं का त्यानं."

आधी एक म्हातारा हसला, तोंडातली सुपारी सांभाळत. मग सगळेच हसले. विश्वजीतचं तोंड पांढरं पडलं. "मला काय म्हाईत दाजी? त्यानं सांगितलं नवंय... मी त्याला मागंल तेवढं दिलं..."

"तुला कधी काय म्हाईत असतं?" आता कचरूला थांबता येईना. "आवडीच्या उशाशी बसून 'साधा ताप हाय, उतरंल' कोण म्हणत होतं? तेव्हाबी तुला सगळं म्हाईत होतं!"

हसणं बंद झालं. विश्वजीतनं हातानं डोळे पुसले, लहान पोरासारखे, मनगटाच्या मागच्या बाजूनं, आणि तो अंगणात जाऊन उभा राहिला.

संस्कृती आतल्या खोलीत गेली. कचरू तिच्या मागं गेला तेव्हा ती पिशवीत कपडे भरत होती.

"ते मशीन भंगार हाय," तो म्हणाला. "मी तुझ्यासाठी..."

"मला ते गाडीतून उतरवतानाच कळलं होतं, पप्पा." तिनं मान वर केली नाही. "पेटीला मागं तारा लावायची जी भोकं असतात ना, त्यावरनंच कळतं. मी 'छान आहे मामा' म्हणणार होते. नंतर एकेक बदललं असतं, त्यांना कळलंसुद्धा नसतं."

"त्यानं सगळ्यांसमोर मिरवलं."

"तुम्हीपण मिरवलं."

"आणि तुझ्या आईला तो म्हणला होता..."

"साधा ताप आहे, हे तुम्हीपण म्हणला होतात." ती पिशवीची चेन लावत होती आणि ती अडकली होती. "मी तिथंच होते. तुम्ही म्हणालात, उतरंल, आणि मामा म्हणाले, व्हय, उतरंल. सगळ्यात आधी तुम्हीच म्हणालात."

चेन शेवटी लागली. पिशवी घेऊन ती अंगणात गेली, ती पेटी आणि तिची उतरवलेली काच तिनं स्वतः उचलली, आणि मामाच्या गाडीत बसली.

---

त्यानंतरचा दीड दिवस कचरू जेवला तो उरलेल्या वड्यांवर. घरात तुच्छ मानायलाही माणूस नव्हतं. नळाला, गॅसला, शेजारच्या कुत्र्याला त्यानं शिव्या घालून बघितल्या. शनिवारी सकाळी मुख्तारभाईंचा फोन आला. बोर्ड आला होता.

"आता कशाला," कचरू म्हणाला, पण कपाटातली दोन्ही खोकी घेऊन जिना चढून वर गेला, ती टेबलावर ठेवली आणि झालेलं सगळं सांगितलं. तापाचं सोडून.

मुख्तारभाई ऐकत होते. "एक बात बोलू? पोरीला विचारलं?"

"काय?"

"कोणता गेम खेळती."

कचरू टेबलावरची खोकी सरळ करायला लागला.

"पहिल्या दिवसापासून येकच बात बोल रहा हूँ," मुख्तारभाई म्हणाले. "तुम आदमी है के लेथ?"

"हा प्रोसेसर तिच्या मामाच्या मशीनमध्ये बसंल का?"

"कैसा बैठेगा? बोर्ड जुना, पिना वेगळ्या. ठोकून बसवाल तरी बसणार नाय." त्यांनी डबीकडं बोट दाखवलं. "ये बैठेगी. ही ड्राइव्ह जुन्यात बी बसती, नव्यात बी. पट्टी घेतली असती तर त्या बोर्डात जागाच नव्हती. अक्कल नसताना बरोबर घेतलं तुम्ही."

त्यांनी एक तार आणि चार स्क्रू कागदात बांधून दिले. कचरूनं बोर्ड घेतला नाही. प्रोसेसरचं खोकं आणि डबी पिशवीत टाकून त्यानं स्कूटर काढली आणि पैठणच्या रस्त्याला लागला.

बिडकीनचं घर दुमजली होतं. हॉलमध्ये सोफ्यावर अजून प्लास्टिक होतं आणि बसलं की त्याचा आवाज यायचा. भिंतीला माशांची पेटी होती, तिच्यात मासे नव्हते. असलं घर, असला सोफा, आणि असला हा माणूस. कचरूचं मन एकेका वस्तूला नापास करत चाललं होतं.

"या, इंजिनियरसाहेब," विश्वजीत उठला नाही. "सोफा कितव्या पिढीचा हाय, तेवढं बघून सांगा."

कचरूच्या जिभेवर उत्तर तयार होतं. चांगलं होतं. त्यानं ते गिळलं.

"तनुजा, पाणी आण गं. तपासून आण, दाजी अंक बघत्यात."

तेही त्यानं गिळलं. तनुजानं आणलेलं पाणी प्यायला आणि म्हणाला, "पोरगी कुठंय?"

संस्कृती वरच्या खोलीत मशीनसमोर होती. पेटीची काच तिनं परत बसवली होती. दुसऱ्या दिवशी, रविवारी, स्पर्धा होती. बापाला बघून तिनं कानावरचं डबडं काढलं.

कचरू दारात उभा राहिला.

"कोणता गेम खेळती तू?" त्यानं शेवटी विचारलं.

तिनं खुर्ची त्याच्याकडं वळवली. मग सांगितलं. नाव सांगितलं, पाच जणींनी काय करायचं ते सांगितलं, आपलं काम काय ते सांगितलं. कचरूला निम्मं कळलं नाही. कळलेल्यातलं निम्मं त्याला फालतू वाटलं. तो मान हलवत राहिला.

"आणि आता अडतं कुठं?"

"फेरी सुरू होताना सगळं आत यायला लागतं. ही डिस्क इतकी हळू आहे की बाकीच्या चौघी मैदानात उतरतात आणि मी अजून बाहेरच. पहिलं अर्धं मिनिट त्या चौघीच खेळतात. कालच्या सरावात त्यात दोनदा हरलो." ती थांबली. "चालू झाल्यावर ठीक आहे. जुना असला तरी ओढतो प्रोसेसर."

कचरूनं पिशवीतून डबी काढून तिच्यापुढं ठेवली. तिनं ती उलटीपालटी केली, बारीक अक्षर वाचलं.

"ही कुणी निवडली?"

"मी."

"का?"

"चार स्क्रूवर बसती."

ती हसली नाही, पण तिच्या तोंडाचा एक कोपरा हलला. "जुन्यावरचं सगळं हिच्यावर उतरवायला दोन तास लागतील. ते मी करते. स्क्रू तुम्ही लावा."

दोन तास दोघं शेजारी बसली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत होती. त्या वेळात संस्कृतीनं पाचही पोरींची नावं सांगितली आणि कचरूनं ती मनात घोकली. मग त्यानं पेटी आडवी केली, जुनी हार्ड डिस्क काढली, डबीला चार स्क्रू लावले, चारही सारखे आवळले. विश्वजीत मधेच वर आला. कचरूनं "जरा बॅटरी धर" म्हटल्यावर त्यानं मोबाइलचा उजेड धरला. चुकीच्या बाजूनं धरला. कचरूनं मान वाकडी करून तसंच काम केलं.

बटण दाबलं. पंखे फिरले, दिवे लागले, आणि कोणी काही बोलायच्या आत पडदा उजळला. संस्कृतीनं गेम उघडला. तो पटकन सुरू झाला. ती खुर्चीतून अर्धी उठली. "पप्पा! मी पहिली आले! बाकीच्या अजून येतायत!"

"बघा!" विश्वजीतनं मांडीवर थाप मारली. "म्हणलं नव्हतं? आय-सेव्हन हाय, आय-सेव्हन! त्या दिवशी प्रवासानं दमलं होतं मशीन."

दारात तनुजा उभी होती. संस्कृतीचा हात माउसवर थांबला आणि ती पडद्याकडंच बघत राहिली, पण तिची पाठ ताठ झाली होती. सगळे कचरूच्या जिभेची वाट बघत होते. मशीन प्रवासानं दमलं होतं म्हणे! चौतीस वर्षांत इतकं मूर्ख वाक्य त्यानं ऐकलं नव्हतं.

"व्हय," कचरू म्हणाला. "मशीन चांगलंय."

विश्वजीतला हे अपेक्षित नव्हतं. हातातला मोबाइल अजून पेटलेलाच होता, तो त्यानं विझवला. "चांगलं कसलं दाजी," तो खालच्या आवाजात म्हणाला. "फसवलं मला त्या भाड्यानं."

"फसवतात. माणूस बघून फसवतात," असं म्हणायला कचरूनं तोंड उघडलं होतं. त्याऐवजी तो म्हणाला, "साधा ताप हाय, हे आधी मीच म्हणलो होतो, विश्वजीत. तू माझ्या मागनं म्हणलास."

विश्वजीतनं मान खाली घातली. तनुजा जिना उतरून गेली. संस्कृतीनं कानाला डबडं लावलं, पण दोन्ही कानांना नाही. बापाच्या बाजूचा कान मोकळा ठेवला.

निघताना ती फाटकापर्यंत आली. कचरूनं तिला प्रोसेसरचं खोकं दाखवलं. तिनं ते वाचलं.

"हा चालेल. मी घेतला असता तर याच्या वरचा नसता घेतला." तिनं खोकं परत दिलं. "बोर्ड मी निवडणार. आणि कार्ड पण."

"निवड की."

"उद्या स्पर्धा इथंच खेळते, मामाच्या मशीनवर. सोमवारी कॉलेज सुटलं की घ्यायला या. तिथनंच दुकानात जाऊ आणि मग घरी."

"किती वाजता सुटतं?"

"तेपण माहीत नाही तुम्हाला?" ती म्हणाली. "दोन वाजता."

विश्वजीत गच्चीवर येऊन उभा राहिला होता. "दाजी!" तो वरून ओरडला. "जुन्या रस्त्यानं जाऊ नका! कंपन्यांच्या मधल्या रस्त्यानं जावा, मोकळा हाय!"

मधल्या रस्त्यावर महिनाभर पाइप टाकायचं काम चालू होतं. येताना कचरूनं ते डोळ्यांनी बघितलं होतं, अर्धा रस्ता खोदलेला, ट्रकांची रांग. या माणसाला स्वतःच्या घरासमोरचा रस्ता माहीत नव्हता.

"बरं," कचरू म्हणाला आणि त्यानं किक मारली.

कोपऱ्यावर गेल्यावर वळून जुन्या रस्त्याला लागता आलं असतं. पण गच्चीवरून तो कोपरा दिसत होता, आणि संस्कृतीही आता वर जाऊन मामाशेजारी उभी राहिली होती. कचरूनं मेहुण्याला मनातल्या मनात एक सणसणीत शिवी हासडली आणि स्कूटर सरळ त्या खोदलेल्या रस्त्यात, ट्रकांच्या मागं नेऊन उभी केली.